आजीची तीन नावं

२०२३ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रात जुन्या कागदांचं जेवढं वाचन झालं, तेवढं त्याआधी क्वचितच झालं असेल. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती आधी मराठवाड्यासाठी नेमली गेली, मग तिचं काम राज्यभर वाढलं आणि मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी लागणाऱ्या नोंदींच्या शोधात तहसील कचेऱ्यांतले रुमाल सुटले. कोतवाल बुक म्हणजे काय, गाव नमुना १४ मध्ये जन्म-मृत्यू कसे लिहीत, शाळेच्या जनरल रजिस्टरात जात कोणत्या रकान्यात असते, मोडी वाचणारा माणूस कुठे मिळतो, हे सगळं शेतकऱ्याच्या घरात बोललं जाऊ लागलं. या धांडोळ्यात पणजोबा सापडले, खापरपणजोबा सापडले. पणजी मात्र क्वचितच कुणी शोधली. दाखल्यासाठी तिची गरज नव्हती.

पण ज्या कागदांत पणजोबा सापडले, त्याच कागदांत तीही आहे. आणि तिथे ती जशी दिसते, तशी ती घरात कुणी सांगितलेली नसते. दोन महायुद्धांच्या काळात इथल्या बायकांच्या आयुष्यात जे घडलं, त्यातलं बरंचसं घराच्या आठवणीतून पुसलं गेलं आणि सरकारी दप्तरात राहिलं. ते कसं वाचायचं, याबद्दल हा लेख आहे.

इंदापूर तालुक्यातलं शेळगाव घेऊ. बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या पट्ट्यातलं हे गाव. शेजारी वालचंदनगर, १९३० च्या दशकात तिथे साखर कारखाना उभा राहिला. नीरेच्या कालव्याचं पाणी जिथे पोहोचलं तिथे ऊस, जिथे नाही तिथे बाजरी-ज्वारी आणि पावसाची वाट. अशा कमी पावसाच्या मुलखातली माणसं पोटासाठी दोन ठिकाणी जात, मुंबईच्या गिरणीत नाहीतर पलटणीत. पहिल्या महायुद्धात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत-अल-अमारा पडलं तेव्हा मराठी शिपाई तिथे कैद झाले. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली. मराठा पलटणी इरिट्रियातल्या केरेनला लढल्या, इटलीत सांग्रो नदीवर लढल्या. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्या मलायात होत्या. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे यांना इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला.

ही पुरुषांची यादी आहे. यांतल्या प्रत्येकामागे एक घर होतं आणि त्या घरात पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी होती, जिची जगाच्या दृष्टीनं ओळख एवढीच होती की ती अमक्याची बायको. तिचं युद्ध म्हणजे मनीऑर्डर. पोस्टमन आला की नवरा जिवंत. मनीऑर्डर थांबली की सासरच्यांची कुजबुज. मग एक दिवस तार.

युद्धातल्या मृत सैनिकांची नोंद ठेवण्यासाठी १९१७ साली एक आयोग स्थापन झाला. आज तो कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नावानं चालतो. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे १७ लाख मृतांची त्यांची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारक एवढं तर असतंच. पण दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक हिंदी सैनिकांच्या नोंदीखाली आणखी एक ओळ असते: अमक्या-तमकीचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, जिल्हा पुणे. आजीच्या इतिहासातली ही ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. जन्मदाखला नाही, शाळा नाही, सातबारावर नाव नाही, अशा बाईचं स्वतःचं नाव कागदावर येतं ते इथे, परक्या देशात मेलेल्या नवऱ्याच्या नोंदीत. हिंदू सैनिकांचं दहन होत असल्यानं त्यांची कबर नसते. नाव स्मारकाच्या भिंतीवर असतं. इटलीत सांग्रो नदीकाठच्या दहन-स्मारकावर ५०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. सिंगापूर आणि रंगून इथल्या स्मारकांवर हजारो.

पहिल्या महायुद्धाची गोष्ट वेगळी आहे. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि साध्या शिपायांचा फक्त आकडा लिहिला गेला. या अन्यायाची कबुली आयोगानं एप्रिल २०२१ च्या अहवालात स्वतः दिली. त्यामुळे पणजोबा मेसोपोटेमियात गेले असतील तर स्मारकाच्या फोटोवर विसंबू नका, नोंदवह्यांतच शोधा. काही गावांत 'या गावातून महायुद्धास इतके गेले, त्यांपैकी इतके मेले' अशी पाटी चावडीवर किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत असते. तीही आकडाच सांगते, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

इथे एक मेख आहे आणि तिच्यात चांगले चांगले फसतात. शेळगाव एक नाही. बार्शी तालुक्यात शेळगाव आहे, जालना आणि परभणी जिल्ह्यांतही आहे. युद्धकाळच्या नोंदीत गावाचं नाव इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. 'ळ' त्याला लिहिताच येत नाही, म्हणून त्या जागी 'ल' असतो. जिल्हा पूना की सोलापूर हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. भवानीनगरचंही तसंच. सणसरजवळचं साखर कारखान्याचं भवानीनगर इंदापूर तालुक्यात आहे आणि दुसरं भवानीनगर सांगली जिल्ह्यात. आडनावांचा घोळ तर याहून मोठा. जाधव, शिंदे, पवार शेकड्यांनी सापडतील. म्हणून नवऱ्याच्या नावाबरोबर बापाचं नाव जुळलं पाहिजे, आणि सर्वांत पक्का पुरावा बायकोच्या नावाचा. इथे आजीच आजोबांची ओळख पटवते.

सेवा क्रमांक हाती आला की पुढची वाट रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. शिपायाच्या शीट रोलमध्ये वारसाचं नाव लिहिलेलं असतं आणि किंड्रेड रोलमध्ये घरातली माणसं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या अनुदानाची कागदपत्रं असतात. अर्ज लेखी करावा, नातं सिद्ध करणारा कागद जोडावा, पोच घ्यावी.

आता जमिनीचा कागद. याबाबतीत इंदापूरकर भाग्यवान आहेत. मुंबई इलाख्यातल्या रयतवारी मोजणीचा जो नमुना पुढे सगळीकडे चालला, तो गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास पहिल्यांदा इंदापूर तालुक्यात बसवला. प्रिंगल यांची आधीची आकारणी या कोरड्या मुलखात पार कोसळली होती, म्हणून सुरुवात इथून झाली. १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी आली, आणि तिच्याबरोबर फेरफार. सातबारा आज काय आहे ते सांगतो. आजीच्या शोधात कामाचा आहे तो फेरफार, गाव नमुना ६, कारण का आणि कधी बदललं ते तिथे लिहिलेलं असतं. कोण मेलं, वारस कोण, कुणाचं नाव चढलं, कुणाचं कमी झालं, तारखेसकट.

त्या फेरफारांत दोन खुणा शोधा. एक 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप मेला, मुलगा लहान, म्हणून 'अज्ञान अमुक, अ.पा.क. आई अमुक' अशी नोंद होते. १९४२ ते १९४६ च्या दरम्यान अशी नोंद दिसली आणि त्या घरातला माणूस पलटणीत होता असं कुणाला आठवत असेल, तर तारीख आयोगाच्या यादीशी ताडून पाहा. दुसरी खूण 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर. मोठ्या दिराच्या किंवा सासऱ्याच्या नावासोबतच्या या तीन अक्षरांमागे विधवेचा हक्क अनेकदा गडप होतो. १९३७ च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मर्यादित हक्क दिला, पण शेतजमिनीला तो लागू होण्यासाठी मुंबई प्रांताला १९४० च्या दशकात वेगळे कायदे करावे लागले. म्हणून तिचं नाव कोणत्या वर्षी चढलं आणि कोणत्या वर्षी उतरलं, यात तिच्या आयुष्याचा अर्धा इतिहास आहे.

उतरलं का, हा प्रश्न विचारायची तयारी हवी. आपल्या आज्यांचा युद्धकाळ लपला कशामुळे, याचं उत्तर माझ्या मते इथे आहे. घरी कुणी बंदुका लपवल्या होत्या किंवा गुप्त खात्यात काम केलं होतं, म्हणून तो लपला असं थोड्याच घरांत झालं. बहुतेक घरांत तो लपला पाटामुळे, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नामुळे.

नवरा युद्धात मेला. बाई अठरा वर्षांची. ज्या जातींत विधवेचा पाट लावण्याची रीत होती, तिथे घरच्यांनी तिचा पाट लावून दिला, कधी दिराशी, कधी दुसऱ्या गावच्या बिजवराशी. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे पुन्हा लग्न केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपे. मुंबई उच्च न्यायालयानं हे कलम, ज्यांच्यात पाटाची रीत पूर्वापार होती त्या जातींनाही लावलं. नाव कमी झालं, फेरफार मंजूर झाला. दिराशी पाट लागला तर घर तेच राहिलं आणि सैन्याच्या पेन्शनच्या नियमांतही मृताच्या सख्ख्या भावाशी लग्न करणाऱ्या विधवेला सवलत होती. दुसऱ्या गावी गेली तर सगळंच तुटलं. पाटाच्या बाईला लग्नकार्यात सवाष्णीचा मान नसे. मुलांच्या सोयरिकी जुळवायच्या असत. मग पहिलं घर कुणी बोलायचं नाही, असं ठरलं. नातवंडांच्या पिढीपर्यंत तो माणूस राहिलाच नाही. नाव परदेशातल्या दगडावर, आणि घरात त्याच्याबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून मी म्हणतो की आजीला तीन नावं असू शकतात हे गृहीत धरून शोध सुरू करा. माहेरचं नाव, बापाच्या गावच्या नमुना १४ मध्ये किंवा, नशीब असलं तर, शाळेच्या रजिस्टरात. शाळेत जन्मतारीख १ जून असली तर ती मास्तरांनी लावलेली समजा. दुसरं नाव पहिल्या सासरचं, सैनिकाच्या नोंदीत आणि तिथल्या फेरफारात. तिसरं नाव, ज्या नावानं तुम्ही तिला ओळखता. लग्नात नाव बदलायची चाल असल्यानं माहेरची सखू सासरी लक्ष्मी होते आणि पुढच्या घरी आणखी काही. तिन्ही गावांची तिन्ही दप्तरं एकत्र मांडली की एकच बाई उभी राहते.

बेपत्ता सैनिकांच्या बायकांचं दुःख वेगळं होतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले. काही आझाद हिंद सेनेत गेले, काही न्यू गिनीच्या छावण्यांत नेले गेले. घरी कळे एवढंच की बेपत्ता. पत्र नाही, तारीख नाही. पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षं ज्याची वार्ता नाही तो मृत समजला जातो. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं १९४९ पर्यंत ती बाई कुंकू लावायचं की पुसायचं या प्रश्नासह जगली. अशा घरातल्या फेरफाराची तारीख मृत्यूच्या तारखेपासून बरीच दूर असते. ती चूक समजून सोडून देऊ नका. तो तिचा वाट पाहण्याचा काळ आहे.

ज्या बायका स्वतः लढल्या, त्यांच्याबद्दलही दोन शब्द. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांचा जन्म १९२६ चा. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात, सांगली जिल्ह्यातल्या त्या भवानीनगरला, पोलिसांना बाहेर काढण्यासाठी नवऱ्याच्या हातून मार खाण्याचं सोंग त्यांनी केलं. भावाची भूमिका करणाऱ्या साथीदारासह रचलेल्या त्या भांडणात पोलीस गुंतले आणि बाकीच्यांनी ठाण्यातली हत्यारं पळवली. गोव्यातल्या मोहिमेवरून परतताना त्यांनी रात्री मांडवी नदी लाकडी पेटीच्या आधारानं ओलांडली. पी. साईनाथ यांनी त्यांच्या आठवणी नोंदवून घेतल्या तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. २३ सप्टेंबर २०२१ ला त्या गेल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांनीही विशीच्या आत घर सोडून या लढ्यात उडी घेतली. अशा घरांतल्यांनी राज्य शासनाच्या गॅझेटिअर विभागानं काढलेला स्वातंत्र्यसैनिक चरित्रकोश पाहावा आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात विचारणा करावी. तिथे नाव नसलं तरी शोध थांबवू नये, कारण भाकरी पोहोचवणारीची आणि निरोप नेणारीची नोंद तुरुंगाच्या वहीत होत नाही.

शहरांतल्या घरांत आणखी एक धागा सापडू शकतो. १९४२ साली महिलांचं सहायक दल, विमेन्स ऑक्झिलरी कोअर, उभं राहिलं. ११ हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. टंकलेखन, टेलिफोन, सांकेतिक संदेश, हिशेब अशी कामं त्यांच्याकडे होती. गणवेशातला एखादा जुना फोटो घरात असेल तर खांद्यावरची पट्टी आणि फोटोमागचा स्टुडिओचा शिक्का नीट पाहा.

हे फक्त आपल्याकडे घडलं नाही. इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेशांची उकल करण्याच्या कामावर असलेल्यांत सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या, आणि १९७० च्या दशकापर्यंत त्यांनी नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. सोव्हिएत सैन्यातून परतलेल्या कित्येक बायकांनी पदकं पेटीत टाकली, कारण आघाडीवर राहिलेल्या मुलीशी लग्न कोण करणार. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी त्यांना बोलतं केलं. आणि अगदी आपल्या दारातली गोष्ट म्हणजे कोल्हापूरजवळचं वळीवडे. सोव्हिएत सरकारनं हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांतले सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे इथे आले आणि १९४३ ते १९४८ राहिले. त्यांची शाळा होती, चर्च होतं, नाटकं होती. नंतर त्याच बराकींच्या जागी सिंधी निर्वासितांचं गांधीनगर वसलं. त्या छावणीत वाढलेली माणसं आणि त्यांची मुलंबाळं आजही कोल्हापूरला येतात, आपल्या आईचं किंवा आजीचं बालपण कुठे गेलं ते पाहायला. हजारो किलोमीटरांवरून माणसं येतात, आणि आपण वीस किलोमीटरांवरच्या आजीच्या पहिल्या सासरी जात नाही, हे मला बोचतं.

कागदाच्या आधी माणूस, हे मात्र विसरू नये. म्हाताऱ्या बाईला 'दुसऱ्या महायुद्धात काय झालं' असं विचारलं तर उत्तर येणार नाही. तिच्या काळाची मोजणी वेगळी आहे. पणजीच्या तोंडची १९१८ ची मानमोडीची साथ, धान्याची लेव्ही, राशन आणि रॉकेलची टंचाई, पानशेत फुटलं ते साल, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ. लेव्हीच्या वेळी घरी पुरुष कोण होतं, असं विचारा. मनीऑर्डर कुणाच्या नावानं यायची, असं विचारा. जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत बायकांनी जे माणसांत बोलता येत नव्हतं तेच सांगितलं आहे. आणि एखाद्या जागी ती गप्प झाली तर तिथे थांबा. फेरफार तुमच्या हाती असला तरी तो तिच्यापुढे ठेवून कबुली मागू नका. सांगायचं की नाही, हा तिचा हक्क आहे.

पंजाबात लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या वह्यांत पहिल्या महायुद्धातल्या ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदी आहेत. त्या उतरवायला सुरुवात झाली आणि त्यांतला पहिला भाग २०२१ मध्ये इंटरनेटवर आला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांसाठीही असं काम झालं पाहिजे, आणि त्यात बायकोचं नाव हा स्वतंत्र रकाना असला पाहिजे. त्यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही. २०२३ मध्ये ज्यांनी कोतवाल बुकं चाळली, ती मुलं अजून गावातच आहेत आणि त्यांना दप्तर वाचता येतं.

१९४२ साली सोळा वर्षांची असलेली बाई १९२६ ची. अशा बायका आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्यांच्या धाकट्या बहिणी, नणंदा, जावा ऐंशी-नव्वदीत आहेत आणि त्यांना माहीत आहे. शेळगावातल्या, अंथुर्ण्यातल्या, निमगाव केतकीतल्या वाचकांना माझी विनंती आहे: या दिवाळीला गावी जाल तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर आजीचं माहेरचं पूर्ण नाव, तिच्या बापाचं नाव आणि त्यांचं गाव लिहून घ्या.